यीस्टवरील सघन प्रयोगशाळा प्रशिक्षण: कोणासाठी, खर्च कोणाचा, उपयोग काय?

जबलपूरमधील कितीतरी मराठी कुटुंबांत घरातील पहिलीच व्यक्ती एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करत असते. अशा मुलीने "यीस्टच्या कार्यशाळेसाठी आठवडाभर बाहेरगावी जायचे आहे" असे सांगितले, की घरचे दोन प्रश्न ठरलेले असतात: खर्च किती आणि त्यातून मिळणार काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

यीस्ट म्हणजे काय?

पाव फुगवणारी एकपेशीय बुरशी म्हणजे यीस्ट. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात आणि पुरेसे अन्न मिळाल्यास तिच्या एका पेशीच्या साधारण दीड तासात दोन पेशी होतात. तिच्या पेशीतील अनेक कामे माणसाच्या पेशीसारखीच चालतात, म्हणून माणसावर करता येणार नाहीत असे प्रयोग यीस्टवर करता येतात. तिचा संपूर्ण जनुकसंच १९९६ मध्ये वाचून झाला. त्यात १६ गुणसूत्रे आणि सुमारे ६,००० जनुके आहेत. पेशीचे विभाजन कोणती जनुके नियंत्रित करतात, हे लेलँड हार्टवेल यांनी यीस्टमध्ये शोधले. कर्करोग समजून घेण्यास त्याची मोठी मदत झाली आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

आपल्या घराशी याचा काय संबंध?

सरकारी रुग्णालयात बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बी लस मोफत दिली जाते. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट लशीतूनही हे संरक्षण मिळते. ही लस तयार करताना विषाणूचे एकच जनुक यीस्टमध्ये घालतात. यीस्ट त्या विषाणूचे प्रथिन बनवते आणि तेच शुद्ध करून लशीत वापरतात. लशीत जिवंत विषाणू नसल्यामुळे लसीमुळे कावीळ होत नाही. मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिलेली कॉर्बेव्हॅक्स लसही यीस्टच्या मदतीनेच बनते. अशी कामे करणारी माणसे याच प्रकारच्या प्रशिक्षणातून तयार होतात.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत १९७० पासून यीस्टचा असा सघन अभ्यासक्रम चालत आला आहे. त्यात दिवसभर प्रत्यक्ष प्रयोग असतात: यीस्ट वाढवणे, दोन प्रकारांचा संकर करणे, संकरातून आलेले चार बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने वेगळे करणे, एखादे जनुक काढून परिणाम पाहणे आणि जनुकसंचाची माहिती संगणकावर तपासणे. पुस्तकातून कळले तरी हाताला सवय झाल्याशिवाय ही कामे जमत नाहीत. ज्यांच्या महाविद्यालयात उपकरणे कमी आहेत, त्यांना अशा प्रशिक्षणाचा सर्वाधिक उपयोग होतो.

कोणत्या योजना पाहाव्यात?

• कार्यशाळा आणि वृत्तिका: हे 'अॅक्सिलरेट विज्ञान' या २०२० मधील केंद्रीय योजनेचे भाग आहेत. 'कार्यशाळा' म्हणजे पदव्युत्तर आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. 'वृत्तिका' म्हणजे प्रयोगशाळेतील इंटर्नशिप. योजना चालवणारे मंडळ २०२३ च्या कायद्यानुसार अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले आहे. सध्या कोणते कार्यक्रम जाहीर झाले आहेत, हे तेथील संकेतस्थळावर पाहावे.

• भारतीय कृषी संशोधन परिषदेचे अभ्यासक्रम: २१ दिवसांची उन्हाळी किंवा हिवाळी शाळा आणि १० दिवसांचे लघु अभ्यासक्रम. हे कृषी विद्यापीठांतील प्राध्यापक आणि शास्त्रज्ञांसाठी असतात. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयातील इच्छुकांनी आपल्या विभागामार्फत अर्ज करावा.

या योजनांत विषय दरवेळी बदलतो. जाहिरातीत यीस्ट हा शब्द नसला तरी आनुवंशिकी, जनुकसंच किंवा सूक्ष्मजीव असे शब्द शोधावेत.

अर्ज कसा करावा?

१. जाहिरातीतील पात्रता, अंतिम तारीख आणि खर्चाची अट नीट वाचा. प्रवास, निवास आणि भोजन यांपैकी काय मिळणार, हे तेथेच लिहिलेले असते.
२. गुणपत्रिका, विभागप्रमुखांचे किंवा मार्गदर्शकांचे शिफारसपत्र आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा.
३. हे प्रशिक्षण आपल्याला का हवे, ते आपल्या शब्दांत लिहा. "आमच्या प्रयोगशाळेत हे उपकरण नाही" हे खरे कारण असेल तर ते लिहायला संकोच करू नका.
४. तिकिटाचे पैसे बऱ्याचदा आधी स्वतः भरावे लागतात आणि नंतर परत मिळतात. तिकिटे जपून ठेवा. आधी पैसे भरणे शक्य नसेल, तर आयोजकांना निघण्यापूर्वी ईमेलने विचारा.

पालकांनी लक्षात ठेवावे

या प्रशिक्षणातून नोकरीची हमी मिळत नाही. प्रमाणपत्र मिळते आणि मुलाखतीत "हे मी स्वतः केले आहे" असे सांगता येते. मुलगी एकटी जाणार असेल तर वसतिगृहाची व्यवस्था आणि आयोजकांचा संपर्क क्रमांक आधीच मागून घ्या. निवड करून देतो म्हणून कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर देऊ नका. अर्ज आयोजक संस्थेच्या किंवा योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा.