चाकाखालची वाट

गोपाळ मंदिराच्या परिसरात राहणारे एक गृहस्थ अनेक वर्षे माझे रुग्ण आहेत. मणक्याच्या दुखापतीमुळे त्यांचा सारा दिवस हाताने चालविण्याच्या व्हीलचेअरवर जातो. प्रत्येक भेटीत मी त्वचा तपासी, लघवीची चौकशी करी आणि मान-पाठीच्या दुखण्यावर गोळ्या लिहून देई. एकदा ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या खुर्चीत बसून पटनी बाजारातून एक फेरी मारून या." मी गेलो. परतलो तेव्हा कंबर अवघडली होती आणि मन ओशाळले होते.

उभ्या माणसाचे घोटे आणि गुडघे धक्के झेलतात; बसलेल्याचे धक्के थेट कण्याला पोचतात. सेकंदाला सुमारे ४ ते ८ आवर्तनांची उभी कंपने कण्याला विशेष बाधक असतात. २००२ च्या युरोपीय निर्देशानुसार ८ तासांच्या कामात कंपनाची सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग याहून अधिक झाल्यास मालकाला उपाययोजना करावी लागते. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या आसनाशी ही सरासरी ०.८३ भरली, आणि तीही दिवसाकाठी सुमारे १३ तास! कामगार पाळी संपली की यंत्रावरून उतरतो. आमच्या रुग्णाला उतरायला जागा कुठे आहे?

उपाय मात्र फार दूरचे नाहीत. हवेचे टायर भरीव टायरांपेक्षा धक्के अधिक शोषतात. पण हवा कमी असेल तर खुर्ची ढकलताना खांद्यांवर ताण येतो. दबून गेलेली गादी वेळीच बदलावी. त्याच पिट्सबर्गच्या संशोधकांना असेही आढळले, की फरशीच्या कडा जितक्या अधिक तिरक्या छाटलेल्या, तितके कंपन वाढते. सपाट बसविलेली फरशी मात्र साध्या सिमेंटच्या पदपथाच्या तोडीची ठरते. म्हणजे दोष फरशीचा नसून सांध्यांचा आहे.

२०२८ च्या सिंहस्थासाठी आपल्या नगरीत बांधकामे होत आहेत. एकदा बसविलेला दगड पुढे पिढ्यान् पिढ्या तसाच राहतो. सांधे अरुंद आणि समतल असावेत, एवढी सूचना आपण वैद्यकीय अधिकाराने वेळेत करू शकतो. आणि दवाखान्यात "कुठे दुखते?" या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडू शकतो : "रोज कोणत्या वाटेने जाता?" तो विचारायला मला फार उशीर झाला, आपणांस होऊ नये.