गाडी तीन तास लेट? पूर्ण पैसे परत मिळतात. पण ती सुटण्याआधी मागावे लागतात

बुलडाणा : १४ मार्च २०२५ रोजी, धुळवडीच्या पहाटे, मुंबईहून अमरावतीला निघालेली एक्स्प्रेस बोदवड येथे रुळावर आलेल्या ट्रकवर आदळली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मात्र वाहतूक काही तास विस्कळीत झाली. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही जिल्ह्यातील स्थानके बोदवडच्या पुढे याच मुंबई-हावडा मार्गावर आहेत. त्यामुळे एका ठिकाणचा अडथळा जिल्ह्यातील सगळ्याच प्रवाशांना भोवतो.

एकदा लेट झालेली गाडी पुढे अधिकच लेट का होते, हा प्रवाशांचा नेहमीचा प्रश्न. प्रत्येक गाडीसाठी मार्गावर ठरावीक वेळ राखून ठेवलेली असते. ती वेळ हुकली की वेळेवर धावणाऱ्या गाड्यांना वाट देण्यासाठी तिला बाजूच्या रुळावर थांबवले जाते. त्यात या मार्गावर कोळशाच्या मालगाड्यांची गर्दी. वर्धा-भुसावळदरम्यान ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजुरी दिली असली, तरी मंजुरी म्हणजे रूळ नव्हेत.

प्रवाशाच्या हाती असलेला मुख्य हक्क २०१५ च्या परतावा नियमांत आहे. गाडी तीन तासांपेक्षा अधिक लेट असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर कोणतीही कपात न होता पूर्ण भाडे परत मिळते. तिकीट कन्फर्म असो, आरएसी असो वा प्रतीक्षा यादीतील. तत्काळ तिकिटालाही ही सवलत लागू आहे. विलंब मोजला जातो तो प्रवाशाच्या चढण्याच्या स्थानकावर. गाडी मुंबईहून वेळेवर सुटली, पण शेगावला साडेतीन तास उशिरा आली, तर शेगावच्या प्रवाशाला परतावा मागता येतो.

मेख आहे ती पुढेच. हा दावा गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी करावा लागतो. ई-तिकीट असल्यास संकेतस्थळावर टीडीआर भरावा. तिकीट खिडकीवरून घेतलेले असेल तर ते स्थानकावर जमा करावे आणि तिथे परतावा मिळत नसल्यास तिकीट जमा केल्याची पावती मागून घ्यावी. सवयीने तिकीट 'कॅन्सल' करणाऱ्याचे मात्र नुकसान होते, कारण चार्ट तयार झाल्यावर नेहमीच्या पद्धतीने परतावा मिळत नाही. गाडी निघून गेल्यावर जागे होणाऱ्याच्या हातीही काही लागत नाही. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तीन तास दहा मिनिटे लेट दाखवणारी गाडी वाटेत वेळ भरून काढू शकते आणि दाव्याची पडताळणी प्रत्यक्ष वेळेवरूनच होते. म्हणून सीमारेषेवरच्या विलंबात घाई न केलेली बरी. गाडीची ताजी स्थिती १३९ या क्रमांकावर कळते.

एका गाडीतून उतरून दुसरी पकडणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडण्याची सोय आहे. शेगावहून निघालेली गाडी लेट झाल्याने भुसावळची पुढची गाडी चुकली, तर त्या न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मिळू शकते. मात्र पहिली गाडी पोहोचल्यापासून तीन तासांत दावा करणे बंधनकारक आहे.

भाडे परत मिळाले तरी बाकीच्या नुकसानीचे काय? बुलडाणा शहराला आजही रेल्वे नाही. रात्री उशिरा मलकापूरला उतरलेल्या चिखली वा मेहकरच्या प्रवाशाची शेवटची एसटी गेलेली असते आणि खासगी वाहनाचे भाडे कधी कधी रेल्वेच्या तिकिटाहून जास्त पडते. परतावा नियमांत या खर्चाची तरतूद नाही. ग्राहक कायद्याने मात्र दार किलकिले केले आहे. अजमेर-जम्मू गाडी चार तास लेट झाल्याने श्रीनगरचे विमान चुकलेल्या एका प्रवाशाला ग्राहक मंचाने टॅक्सीसाठी १५ हजार, बुकिंगच्या खर्चापोटी १० हजार आणि मनस्ताप व दाव्याच्या खर्चासाठी प्रत्येकी ५ हजार रुपये मंजूर केले होते. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई कायम ठेवली. विलंब आपल्या नियंत्रणाबाहेरच्या कारणाने झाला, हे रेल्वेला सिद्ध करावे लागेल. ते जमले नाही तर भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. रुळावर ट्रक आल्यामुळे झालेल्या उशिराबाबत रेल्वेला हा बचाव घेता येईल, हे उघड आहे. मात्र कारणच न सांगता रखडवलेल्या गाडीबाबत तो तितका सोपा नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे गाडी कुठेही रखडली असली तरी बुलडाण्यातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. तिकीट, लेट दाखवणाऱ्या स्थितीचे छायाचित्र, चुकलेल्या पुढील प्रवासाचे आरक्षण आणि वाहनाच्या भाड्याची पावती एवढे कागद जपून ठेवावेत. पावती तर गाडीत बसण्यापूर्वीच मागितलेली बरी; मध्यरात्री उतरल्यावर ती कोणी देत नाही.