मुलाचा हात थंड पडला तर?

सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानावर, खाडीकाठच्या बागेत मुले पडणारच. बहुतेक जखमा आठवडाभरात भरून येतात. पण काही वेळा रक्तवाहिनीच दुखावते, आणि मग पहिल्या काही तासांत घरच्यांनी काय केले यावर मुलाचा हात किंवा पाय, कधी जीवही, अवलंबून असतो. आम्ही शिक्षक दिवसभर मुलांमध्येच वावरतो. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असावी असे आम्हाला वाटते.

रक्त वाहत असेल तर

20 किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असते. 300 मिली गेले तरी पाचवा हिस्सा गेला. मुलाचे शरीर बराच वेळ रक्तदाब सांभाळून धरते आणि मग एकदम ढासळते. त्यामुळे ‘बोलतोय ना, म्हणजे ठीक आहे’ असे समजू नका.

स्वच्छ रुमाल किंवा ओढणी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा. निदान दहा मिनिटे उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवा. हळद, कॉफी, चुना, टूथपेस्ट काहीही भरू नका. काच रुतली असेल तर ती काढू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका.

रक्त दिसत नसेल तर

हा धोका जास्त फसवा आहे. पाच ते आठ वर्षांची मुले हात टेकून पडली की कोपराच्या वरचे हाड मोडण्याची शक्यता असते. हाताची मुख्य रोहिणी तिथूनच जाते. ती दबली किंवा फाटली तर हात थंड पडतो, पांढरट दिसतो, नाडी लागत नाही, मुंग्या येतात आणि बोटे सरळ करताना मूल किंचाळते.

अशा वेळी आपल्याकडे अनेकजण आधी हाडवैद्याकडे धावतात. तिथली घट्ट पट्टी उरलासुरला रक्तपुरवठाही थांबवू शकते. सुमारे सहा तास रक्त मिळाले नाही तर स्नायू मरू लागतात आणि बोटे कायमची आखडतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी 1881 मध्येच हे दाखवून दिले होते. वेळेत हाड जागेवर बसवले तर रक्तप्रवाह बहुधा पुन्हा सुरू होतो. नाही झाला तर शस्त्रक्रिया करता येते.

प्लास्टर घातल्यावर वेदना वाढत गेल्या किंवा बोटे निळसर झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. दवाखान्यात जाताना मुलाला काही खाऊ-पिऊ घालू नका, भूल द्यावी लागू शकते.

कुठे जावे?

108 वर फोन करा. वाशीचे महापालिका रुग्णालय, नेरुळचे डी. वाय. पाटील, कामोठ्याचे एमजीएम यांपैकी जवळचे गाठा. दुसऱ्या कोणी वाटेतच फोन करून रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत का, हे विचारून घ्यावे. पोलिसांच्या कागदपत्रांची भीती नको. आधी उपचार, मग कागद, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच बजावले आहे.

तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. ओठांवर दुआ असू द्या आणि तळहात जखमेवर. अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना सलामत ठेवो. आमीन.