उघड्यावरील श्रम आणि उष्माघात : सांगवी परिसरातील बांधकाम मजुरांच्या संदर्भात

प्रस्तुत लेखात उघड्यावर श्रम करणाऱ्यांच्या उष्माविकारांचा विचार सांगवी परिसरातील बांधकाम मजुरांच्या संदर्भात केला आहे. पवना व मुळा नद्यांमधील या भागात शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. ती उभारणारे बिगारी, सेंटरिंगवाले व सळई बांधणारे मजूर भर उन्हात राबतात.

उष्णतेचा धोका केवळ तापमापकावरील आकड्याने मोजता येत नाही. खारघर येथे 16 एप्रिल 2023 रोजी मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता आणि माणसे बसलेली होती. कष्ट करणाऱ्याच्या बाबतीत स्नायूंच्या उष्णतेची आणखी भर पडते. शरीर थंड राहते ते घामाच्या बाष्पीभवनामुळे. हवा दमट असल्यास घाम नुसता ओघळतो. शिवाय वेधशाळा सावलीतील तापमान नोंदविते, स्लॅबवरील तापलेल्या पत्र्यांचे नव्हे.

शरीराचे आंतरिक तापमान 40 अंश सेल्सिअसपलीकडे जाऊन मनुष्य असंबद्ध बोलू लागला, की तो उष्माघात होय. घाम येत आहे, म्हणजे उष्माघात नाही, हा समज श्रमिकांच्या बाबतीत घातक ठरतो. अशा वेळी वाहनाची वाट पाहत न बसता रुग्णाच्या अंगावर ताबडतोब थंड पाणी ओतावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात मात्र घालू नये.

उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नवख्यास पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या 20 टक्केच वेळ काम द्यावे व रोज तितकीच वाढ करावी, अशी शिफारस अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली आहे. आपल्याकडे मजूर अड्ड्यावरून सकाळी आणलेला माणूस दुपारपर्यंत पूर्ण पाट्या वाहतो. स्त्रिया तर स्वच्छतागृहाअभावी पाणीच कमी पितात.

1948 च्या कारखाना अधिनियमाचे 13 वे कलम कामाच्या खोलीतील हवा व तापमान यांपुरते होते. स्लॅबला खोली नसते! याउलट कतार या तेलसंपन्न देशाने 2021 मध्ये उन्हाळ्यातील दुपारी उघड्यावरील कामास बंदी घातलीच, शिवाय आर्द्रता व ऊन धरून मोजलेला निर्देशांक 32.1 अंशांवर गेल्यास काम थांबविण्याचा नियम केला. असा नियम येथे करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र उक्त्या कामात विश्रांती म्हणजे मजुरीत घट. थांबलेल्या तासांचे पैसे कोणी द्यावयाचे, हे ठेकेदाराच्या करारात नमूद झाल्याखेरीज मजूर स्वतःच तो नियम मोडील.