भोकाचा आकडा कुणाचा?

धर्माबादच्या मिरची बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटा भर उन्हाळ्यात मध्येच बंद पडू लागला, की पहिला संशय सेन्सरवर जातो. दोष सर्किट बोर्डाच्या एखाद्या भोकातही असू शकतो. दुपदरी बोर्डात भोकाच्या आतून साधारण 20 ते 25 मायक्रॉन तांबे चढवतात. ते चहूबाजूंनी चढत असल्याने व्यास 0.05 मिलिमीटरपर्यंत घटतो. वर कथिलाचा थर वेगळा. म्हणून ड्रिल 0.1 ते 0.15 मिलिमीटर मोठे घ्यावे लागते. मागणीतला आकडा ड्रिलचा की तयार भोकाचा, हे न लिहिल्यास सुट्या भागाचा पाय आत शिरतच नाही. ही चूक कारखान्याची म्हणणे अन्यायाचे होईल.

मग भोक हाताने रुंदावले तर काय बिघडले? एकपदरी बोर्डात फारसे नाही. दुपदरीत मात्र तांबेच खरवडले जाते आणि वरखालचा जोड तुटतो. कारखान्याचा खरा दोष निराळा: बोथट ड्रिल. त्याने भिंत खडबडीत होते, तांबे कुठेतरी पातळ बसते. बोर्डातले इपॉक्सी जाडीच्या दिशेने तांब्याहून कितीतरी जास्त फुगते, त्यामुळे सोल्डरिंगच्या उष्णतेत पातळ जागी तडा जातो. असा बोर्ड थंड असताना चाचणीत पासही होतो! तेव्हा मागणीपत्रावर ‘तयार भोकाचा व्यास’ स्पष्ट लिहा आणि नमुना बोर्डाचा उभा छेद तपासायला मागा.