रेशमी (सिल्की) कोंबडी : पाळावी कशी, आणि पैसे गुंतवावेत का?



या अंकात उसाऐवजी कोंबडीवर लिहितोय, याचं काहींना नवल वाटेल. त्याचं कारण असं. लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदाच्या ओट्यावर मांजराच्या पिल्लासारखा पांढराशुभ्र, केसाळ पक्षी दिसला. ती सिल्की कोंबडी. नातीच्या हट्टापायी जोडी आणलेली. तिथवर ठीक होतं. पण चहा घेताना त्यांनी विचारलं, "साहेब, एक जण म्हणतोय शंभर पिल्लं घ्या, अंडी आम्हीच परत घेतो. उसाचा दुसरा हप्ता आला की त्यात घालू का?" त्यांना जे सांगितलं तेच सर्वांसाठी लिहितो.

हा पक्षी कसा आहे?

सिल्की मूळची चीनकडची. मांजरासारखे केस असलेल्या तिकडच्या कोंबड्यांचा उल्लेख 13 व्या शतकात मार्को पोलोने केला आहे. साध्या पिसाच्या तंतूंना बारीक आकडे असतात. ते एकमेकांत अडकतात, म्हणून पीस सपाट राहतं आणि पाणी निथळून जातं. सिल्कीच्या पिसाला हे आकडे नीट नसतात. त्यामुळे पीस पिंजलेल्या कापसासारखं सुटं राहतं. तिला उडता येत नाही आणि भिजली की पाणी थेट कातडीपर्यंत जातं. पायाला चारऐवजी पाच बोटं, नडगीवर पिसं, कानाची पाळी निळसर आणि कातडी-हाडं काळी, ही तिची ओळख.

काळी म्हटलं की आपल्याला झाबुआचा कडकनाथ आठवतो. त्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दोघांच्या काळेपणामागे जनुकांतला एकच फेरफार आहे. पण स्वभाव अगदी उलटे. कडकनाथ चपळ, आणि त्याची कोंबडी रवणाला सहसा बसत नाही. सिल्की गरीब, आणि खुडूक बसण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

रवणासाठी उपयोग

आपल्या दृष्टीने तिचा खरा उपयोग हाच. सुधारित जातींत खुडूक बसण्याची सवय निवडीनेच कमी केलेली असते. अशा वेळी एक-दोन सिल्की असल्या की घरच्या गावरान अंड्यांची पिल्लं विजेच्या मशीनशिवाय निघतात. अंग लहान असल्याने गावरान अंडी 6 ते 8 च ठेवा. संकरित कोंबडीची अंडी घालू नका. जसं बेणं पारखून घेतो तसंच हे. संकराचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत.

अंडी रात्री, अंधारात खाली सारा. सातव्या-आठव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघून भाकड अंडी काढा. 18 व्या दिवसानंतर हात लावू नका. 21 व्या दिवशी पिल्लं निघतात. ही कोंबडी रवणावरून उठायचं विसरते आणि वाळत जाते. म्हणून रोज एकदा उचलून दाणापाणी दाखवा.

पिसांची निगा

आपला भाग बागायती. उसाच्या सऱ्या आणि पाटाचं पाणी म्हणजे चिखल आलाच. पायाच्या पिसांत चिखलाचे गोळे वाळले की बोटं आखडतात. खुराडा उंचावर, कोरडा हवा. खाली तूस किंवा कोरडं बगॅस पसरा, पण ओल धरलेलं, बुरशी आलेलं बगॅस कधीही नको.

डोळ्यांवर येणारी तुऱ्याची पिसं बोथट टोकाच्या कात्रीने कापा. तिला वरून येणारी घार दिसत नाही आणि समोरचं खाद्यही दिसत नाही. गुदाजवळची पिसंही आखूड ठेवा. कोमट पाण्याने धुवायचंच असेल तर सकाळी धुवा, टॉवेलने टिपा आणि ऊन खाऊ द्या. ओल्या अंगाने खुराड्यात घालू नका. एरवी चुलीची राख आणि कोरडी माती यांची एक पाटी भरून ठेवली की ती स्वतःच लोळून अंघोळ करते आणि उवा कमी होतात. नडगीवरचे खवले उचललेले दिसले तर ती खरजेची कीड, डॉक्टरांना दाखवा.

पुष्कळ सिल्कींची डोक्याची कवटी तुऱ्याखाली उंचावलेली आणि मध्ये उघडी असते. गावरान कोंबड्याची एक टोच तिथे बसली तर मान वाकडी होते, पक्षी दगावतो. तिला वेगळंच ठेवा.

पिल्लं

पहिल्या दिवशी गूळपाणी आणि कागदावर पसरलेला मक्याचा बारीक भरडा, मग पिल्लांचं तयार खाद्य. पाण्याच्या पसरट भांड्यात खडे टाका. इवली पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात. आईविना पिल्लं असतील तर पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब द्या आणि दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर गारठली आहेत, भिंतीला लागून धापा टाकत असतील तर उकडतंय.

माझीच चूक सांगतो. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात डालग्यावर पोतं टाकायचं राहून गेलं. सकाळी सातपैकी चार पिल्लं गारठून मेलेली. कोंबडी मात्र उरलेल्या तिघांना पोटाखाली घेऊन तशीच भिजत बसली होती.

लसींच्या बाबतीत चालढकल नको. 5 ते 7 व्या दिवशी मानमोडीची लासोटा, 14 व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, पुढे देवीची लस. या जातीला मरेक्सचा धोका अधिक. त्याची लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते, म्हणून विकत घेताना ती दिल्याची खात्री करा.

आता पैशाचं

सिल्की वर्षाला शंभराच्या आसपास लहान अंडी देते, कारण अर्धा वेळ खुडूक असते. व्यापारी कोंबडी तीनशेच्या घरात देते. चीनमध्ये बाळंतिणीला या काळ्या कोंबडीचं सूप देतात, म्हणून तिकडे तिला गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक फक्त हौशी. शिवाय नर-मादी चार-पाच महिने नीट ओळखता येत नाहीत. "सगळ्या माद्याच देतो" म्हणणाऱ्यापासून दोन हात लांबच राहा.

2019 साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावाने काय झालं, ते आपण विसरलेलो नाही. पक्षी विकत द्यायचे आणि अंडी परत घ्यायची, असेच करार होते. पुढे अंडी घ्यायला कुणी आलं नाही आणि शेतकरी पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहिले. त्यात कडकनाथचा काही दोष नव्हता. आपल्या उसाला कारखाना आहे, नोंद आहे, एफआरपीचा कायदा आहे. सिल्कीच्या अंड्यामागे यातलं काहीही नाही. विकणाराच जिथे एकमेव गिऱ्हाईक, तिथे तो गेला की बाजारही गेला.

तेव्हा नातीसाठी जोडी जरूर पाळा, रवणासाठी दोन माद्या ठेवा. पण उसाचं बिल त्यात घालू नका. त्या सभासदांनी पैसे भरले नाहीत. त्यांच्या सिल्कीखाली परवा आठ गावरान अंड्यांतून सात पिल्लं निघाली, ती बघायला मी मुद्दाम जाऊन आलो.

आपला,
ऊस विकास अधिकारी