आधी प्रश्न, मग रक्ततपासणी

गेल्या वर्षी चातुर्मासाच्या तोंडावर अकोल्यातील आमच्या मंडळाच्या बैठकीत समाजबांधवांच्या आरोग्य-सर्वेक्षणाचा विषय निघाला. तरुण कार्यकर्त्यांनी मोठ्या उत्साहाने चार पानी प्रश्नावली छापून आणली होती. वय, वजन, व्यवसाय, चहाचे कप, झोपेचे तास, साखर, रक्तदाब, जीवनसत्त्व ब-12 असे चाळीस रकाने त्यात होते. खर्चाचा अंदाज दोन लाखांच्या घरात गेला. माझे आयुष्य बँकेत कर्जप्रस्ताव वाचण्यात गेले असल्याने हिशेब तपासण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. सवयीप्रमाणे मी पहिल्या पानावर 'हेतू' शोधला. तेथे 'समाजाचे आरोग्य जाणून घेणे' एवढेच लिहिलेले होते. 'व्यापार वाढविणे' एवढ्या हेतूवर मी आजवर कोणाला कर्ज मंजूर केल्याचे स्मरत नाही.

माझी पुतणी अमरावतीस जनवैद्यकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. ती प्रश्नावली मी तिला दाखविली. तिने पाने चाळून विचारले, "काका, हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?"

सुज्ञ वाचकहो, हा भेद मला तोवर उमगलेला नव्हता. 'मधुमेह' हा विषय आहे. कोणत्या लोकांत, कशामुळे, कोणाच्या तुलनेत आणि किती काळात काय घडते, हे ज्या वाक्यात सामावते तो प्रश्न. त्या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर आधीच कागदावर लिहून ठेवायचे आणि ते खोटे ठरण्याची वाट मोकळी ठेवायची, याला परिकल्पना म्हणतात. आधीच का, असे मी विचारले. तिचे उत्तर असे : चाळीस रकान्यांची एकेक करून साखरेशी सांगड घातली, तर शंभरात पाच चुका खपवून घेणाऱ्या नेहमीच्या कसोटीवर दोन सांगडी निव्वळ योगायोगानेही जुळलेल्या दिसतील. मग आपण त्या दोन उचलून 'सापडले' म्हणणार. मला ते तत्काळ पटले. वर्षअखेरीस ताळेबंद पाहून मागाहून अंदाजपत्रक लिहिणारे व्यवस्थापक मी पाहिलेले आहेत.

तिने उदाहरण दिले ते पुण्याचे. तेथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या 6 गावांत एक अभ्यास सुरू केला. त्यामागे इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांचा विचार होता. हर्टफर्डशायर परगण्यात सुईणी व परिचारिकांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून बाळांची वजने खतावण्यांत नोंदवून ठेवली होती. त्या जुन्या वह्यांवरून बार्कर यांना दिसले, की जन्मतः हलकी असलेली बाळे मोठेपणी हृदयविकाराला अधिक बळी पडतात. (वह्या जपून ठेवणाऱ्या माणसांचे ऋण शास्त्रावर केवढे असते, हे वाचून मला मनस्वी आनंद झाला.) पुण्याच्या चमूने विचारले, आपल्या खेड्यांतील मातेच्या आहाराचा बाळाच्या वाढीशी काय संबंध? सुमारे 800 गर्भवतींच्या आहाराच्या नोंदी झाल्या. उष्मांक आणि प्रथिने कमी पडत असतील, अशी सर्वसाधारण समजूत होती. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांचा बाळाच्या आकारमानाशी ठळक संबंध आढळला नाही. तो आढळला पालेभाज्या, फळे आणि दुधाशी. समजूत ढळली, त्यामुळे नवा प्रश्न जन्मला : या पदार्थांतील नेमके कोणते सूक्ष्म द्रव्य?

जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांत सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-12 कमी होते, फोलेटची उणीव मात्र जवळजवळ नव्हतीच. मुले 6 वर्षांची झाल्यावर दिसले, की ज्यांच्या मातांत फोलेट भरपूर आणि ब-12 कमी होते, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. हा निबंध 2008 चा. तथापि एकत्र आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. म्हणून त्याच मुलांना किशोरवयात, 2012 पासून, रोज 2 मायक्रोग्रॅम ब-12 देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहणारा प्रयोग सुरू झाला. एका प्रश्नातून दुसरा निघण्यास जवळपास वीस वर्षे लागली. आमच्या मंडळाला सर्वेक्षण महावीर जयंतीपूर्वी संपवायचे होते!

आमच्या घरात ब-12 हे नाव नवे नव्हते. माझे थोरले बंधू, म्हणजे पुतणीचे वडील, धान्याच्या अडतीवर चाळीस वर्षे बसले. मधुमेहासाठी बारा वर्षांपासून मेटफॉर्मिन घेतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय बधिर होऊ लागले. पायातली चप्पल गळून पडली तरी त्यांना कळत नसे. सर्वांनी ते साखरेच्या माथी मारले. पुढे तपासणीत ब-12 अत्यल्प निघाले. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्याने ब-12 घटू शकते, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलेले आहे आणि त्या अभावानेही पाय बधिर होतात. जे ठाऊक आहे ते पुन्हा शोधण्यात अर्थ नाही, हे पुतणीने बजावले. आधी वाचायचे, मग उरलेली फट शोधायची.

तिला सापडलेली फट अशी. आपल्या घरांत मांस, मासे, अंडी मुळीच नाहीत. ब-12 मिळते ते दूध-दह्यातून. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, मेटफॉर्मिन पाच वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्या शाकाहारी मधुमेहींत ब-12 ची कमतरता, हे औषध दोन वर्षांहून कमी काळ घेणाऱ्या समवयस्क शाकाहारी मधुमेहींपेक्षा अधिक आढळते काय? हा प्रश्न. 'अधिक आढळेल' ही परिकल्पना आणि 'फरक नाही' ही तिची प्रतिपक्षी शून्य परिकल्पना. दोन्ही गटांतील प्रमाण मोजणे, रोजच्या दुधाचे माप नोंदविणे आणि पायांची संवेदना तपासणे ही तीन उद्दिष्टे. चाळीस रकान्यांतील अकरा उरले.

बैठकीत एका सदस्यांनी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार हा विषय काढला. तो मोलाचा आहे, परंतु त्याला विहिरीचे आणि नळयोजनेचे पाणी पिणारी गावे शेजारी ठेवून तोलणारा स्वतंत्र अभ्यास हवा. दोन्ही एका शिबिरात कोंबण्यास मी हरकत घेतली. शिबिर पर्युषणात घेण्याच्या सूचनेवर पुतणी म्हणाली, ब-12 चा साठा यकृतात वर्षानुवर्षे टिकतो, तो आठ दिवसांत फारसा हलत नाही. पण त्या काळात उपवास असतात, साखरेचे आकडे वेगळे येतील आणि दूध किती घेता याचे उत्तरही नेहमीचे मिळणार नाही. चातुर्मासात अनेक घरी पालेभाज्या वर्ज्य असल्याने फोलेट मोजायचे असते तर तोही घोळ झाला असता. असे मुद्दे बाहेरच्या संशोधकाला सुचणे कठीण.

शेवटी शिबिर मार्गशीर्षात ठरले. माणसांचे रक्त घ्यायचे म्हणजे महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आणि प्रत्येकाची लेखी संमती हवी. त्यासाठी तिच्या मार्गदर्शकांनी प्रस्ताव स्वतःकडे घेतला. मंडळाकडे केवळ खर्च आणि निमंत्रणे राहिली. तरुणांची थोडी निराशा झाली, छापलेल्या चारशे प्रती रद्दीत गेल्या.

दादांनी लेकीला विचारले, "मला कोणत्या गटात घातलेस?"

"कोणत्याच नाही, बाबा. तुम्हाला इंजेक्शने सुरू आहेत. तुमचे ब-12 आता औषधाचे आहे."

दादा काही वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "मग निमंत्रणे वाटायला तरी येऊ दे. अडतीवरची सगळी माझ्या ओळखीची आहेत."